संपाच्या दिवशीचा प्रवास

प्रवास म्हटला की अडचणी आल्याच. कधी पावसाने रूळ वाहून जातात, कधी घाटात दरड कोसळते, तर कधी धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास खोळंबतात. या अडचणी निसर्ग आणतो आणि त्या सहसा पूर्वसूचना देऊन येत नाहीत. परंतु आगगाडीच्या प्रवासातील एक अडचण याहून निराळी आहे. ती माणसे आणतात. तिचा दिवस व तास आधी ठरलेला असतो. आणि काही देशांत तर तिलाही कायद्याचे नियम असतात. ही अडचण म्हणजे रेल्वे कामगारांचा संप होय.

परदेशी गेलेल्या प्रवाशाला संपाची वार्ता ऐकून धडकी भरते. मुलूख अनोळखी, भाषा अनोळखी, हाती दिवस मोजके आणि त्यांतलाच एक दिवस गाड्या बंद! तथापि संप कोणत्या नियमांनी चालतो हे ज्याने जाणून घेतले आहे, त्याला तोही दिवस सत्कारणी लावता येतो. या दृष्टीने इटली देशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

इटलीच्या भाषेत संपाला ‘शोपेरो’ म्हणतात. त्या देशात रेल्वेने हिंडणाऱ्या प्रवाशाच्या कानी हा शब्द कधी ना कधी पडतोच. गाडी धावते ती केवळ विजेच्या बळावर नव्हे. चालक, गार्ड, सिग्नल सांभाळणारे, रुळांची देखभाल करणारे अशा असंख्य माणसांचे हात तिच्यामागे असतात. वेतन अपुरे पडले, कामाचे तास असह्य झाले किंवा जीव धोक्यात घालून काम करावे लागले, की हे कामगार आपले गाऱ्हाणे मांडतात. बोलणी फिसकटली म्हणजे ते काम थांबवितात. २०२३ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस तुरीन शहराजवळील ब्रांदित्सो स्थानकात रात्रीच्या वेळी रुळांचे काम चालू असताना एक भरधाव गाडी आली आणि पाच कामगार जागीच ठार झाले. त्यानंतर सुरक्षिततेची मागणी साऱ्या देशात मोठ्याने पुढे आली. संपामागे पुष्कळदा असे दुःख असते, हे प्रवाशाला गाडीच्या खिडकीतून दिसत नाही.

इटलीत संपाचा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. मुसोलिनीच्या राजवटीत १९२६ च्या कायद्याने संपावर बंदी घालण्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती राजवट संपली आणि १ जानेवारी १९४८ पासून नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या ४० व्या कलमाने संपाचा हक्क मान्य केला. मात्र तो कायद्याच्या मर्यादेत राहून बजावावा असेही सांगितले. पुढे प्रश्न उभा राहिला तो सामान्य जनतेचा. रुग्णालय, टपाल, वाहतूक ही कामे ठप्प झाली, तर ज्याचा त्या भांडणाशी काही संबंध नाही, त्या माणसाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९९० साली एक कायदा करण्यात आला.

या कायद्याने संपावर बंदी घातली नाही, पण त्याला शिस्त लावली. जनतेच्या निकडीच्या सेवांत संप करावयाचा असेल, तर निदान दहा दिवस आधी तसे जाहीर करावे लागते. संपाच्या दिवशीही काही सेवा चालूच ठेवाव्या लागतात. रेल्वेच्या बाबतीत कामकाजाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ६ ते ९ या वेळांत स्थानिक गाड्या सोडल्या जातात. कारण याच वेळी लोक कामावर व शाळेत जातात आणि घरी परततात. रविवारी व सुट्टीच्या दिवशी मात्र ही सवलत धरून चालता येत नाही. लांब पल्ल्याच्या ज्या गाड्या संपातही सुटतात, त्यांची यादी वेगळी असते. नियम पाळले जातात की नाही, हे पाहण्यासाठी एक स्वतंत्र आयोग नेमलेला आहे. प्रसंगी सरकारही हस्तक्षेप करते. १३ जुलै २०२३ रोजी पुकारलेला रेल्वेचा संप वाहतूक मंत्र्यांच्या आदेशाने निम्म्यावर आणला गेला आणि तो दुपारी तीन वाजता संपला.

हे नियम प्रवाशाच्या उपयोगी कसे पडतात, ते समजण्यासाठी एका कुटुंबाची कल्पना करावी. भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, त्यांची मुलगी आणि बारा वर्षांची नात इटलीच्या सफरीवर गेली आहेत. गुरुवारी सायंकाळी ती मिलान शहरी पोहोचतात. शनिवारी सकाळी त्यांना मायदेशी परतण्याचे विमान गाठावयाचे आहे. मधला एकच दिवस, शुक्रवार, त्यांच्या हाती आहे. आणि त्या दिवशी शेजारच्या स्वित्झर्लंड देशात जाऊन रात्री परतावे, असा त्यांचा बेत आहे.

मिलानपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, एका निळ्या सरोवराच्या काठी, स्वित्झर्लंडचे लुगानो हे शहर आहे. त्याच्या लगतच्या टेकडीवर मोंतान्योला नावाचे लहानसे गाव आहे. हेर्मान हेसे हा नामवंत जर्मन लेखक १९१९ साली तेथे राहावयास आला आणि १९६२ मध्ये तेथेच निवर्तला. भारतातील बुद्धकाळावर आधारलेली ‘सिद्धार्थ’ ही त्याची कादंबरी १९२२ साली प्रसिद्ध झाली. त्याची आई केरळातील तलश्शेरी येथे जन्मली होती आणि त्याचे आजोबा हेर्मान गुंडर्ट यांनी मलयाळम भाषेचा कोश रचला होता. आजोबांनी तरुणपणी ‘सिद्धार्थ’ वाचली होती. ज्या गावी हेसे राहिला, ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची जुनी इच्छा होती.

परंतु निघण्यापूर्वीच आईने इटलीच्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील संपांची यादी पाहिली, तो काय! गुरुवारी रात्री नऊपासून शुक्रवारी रात्री नऊपर्यंत रेल्वेचा संप जाहीर झालेला होता. ती बातमी ऐकून नात हिरमुसली.

ती म्हणाली, “आजोबा, भांडण त्यांचे आणि त्यांच्या मालकांचे. मग आपला दिवस त्यांनी का म्हणून बुडवावा?”

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बाळ, तुझा प्रश्न रास्त आहे. हाच प्रश्न एकदा मलाही कुणी विचारला होता.”

“तुम्हांला? कुणी विचारला?”

“१९७४ साली मे महिन्यात आपल्या देशात रेल्वेचा मोठा संप झाला. ८ तारखेला सुरू झाला, तो २७ तारखेला संपला. लाखो कामगार त्यात होते. मी वीस वर्षांचा, नुकताच कामाला लागलेला. बोनस मिळावा, कामाचे तास आठच असावेत, वेतन वाढावे, अशा आमच्या मागण्या होत्या. घरी पगार येणार नव्हता. नोकरी टिकेल की नाही, याची शाश्वती नव्हती. एके दिवशी भुसावळ स्थानकाबाहेर एक म्हातारी बोचके घेऊन बसलेली दिसली. नागपूरला तिची लेक बाळंत व्हायची होती. ती मला म्हणाली, ‘बाबा रे, तुमचं खरं असेल; पण माझ्या लेकीनं काय केलं?’”

“मग तुम्ही काय सांगितलेत?”

“काय सांगणार? आमची मागणी खरी होती आणि तिची निकडही खरी होती. मला उत्तर सुचले नाही. दोन दिवसांनी एका मालमोटारवाल्याने तिला पुढे नेले, एवढे कळले. येथील लोकांनी मात्र या दोन्ही खऱ्या गोष्टींना जागा करून देण्याचा प्रयत्न केला आहे. तेव्हा रुसण्याऐवजी, त्यांनी आपल्यासाठी कोणती जागा ठेवली आहे ते आपण शोधू या.”

तिघेही कागद-पेन्सिल घेऊन बसली. प्रथम त्यांनी संप नेमका कुणाचा आहे, ते नीट वाचले. कधी केवळ रेल्वेचा संप असतो, तर कधी शहरातील बसगाड्या व भुयारी रेल्वेही त्यात सामील असतात. हा संप रेल्वेपुरताच होता. म्हणजे मुक्कामापासून स्थानकापर्यंत जाण्याची चिंता नव्हती. शिवाय संप इटलीच्या रेल्वेचा होता, स्वित्झर्लंडच्या नव्हे. सरहद्दीवरील कियासो हे स्थानक स्वित्झर्लंडच्या हद्दीत आहे. तेथून पुढे लुगानोकडे स्विस गाड्या नेहमीप्रमाणे धावणार होत्या. अवघड होता तो मिलान ते कियासो हा सुमारे पन्नास किलोमीटरचा टप्पाच.

मग त्यांनी संपातही सुटणाऱ्या गाड्यांचा तक्ता पाहिला. नातीने एका ओळीवर बोट ठेवले. “आजोबा, ही पावणेनऊची गाडी चालेल. नऊच्या आतच सुटते.”

“थांब,” आजोबा म्हणाले, “नियम नीट वाच. सहानंतर सुटून जी नऊच्या आत शेवटच्या स्थानकात पोहोचते, तीच गाडी या सवलतीत बसते. तुझी गाडी तर वाटेतच असताना नऊ वाजतील.”

नातीला आपली चूक उमगली. तिने सातच्या आधी सुटणारी गाडी निवडली. परतीसाठीही तिने त्याच रीतीने सायंकाळच्या दोन गाड्या टिपून ठेवल्या. एक चुकली तर दुसरी हाती असावी.

आईने आणखी दोन गोष्टी ठरविल्या. पहिली, पर्यायी वाट. कियासोहून एकही गाडी मिळाली नाही, तर सरहद्द पायी ओलांडावयाची. पलीकडे लागूनच कोमो शहराची वस्ती आहे. तेथून शहराच्या बसने कोमोला जावयाचे. कोमोहून मिलानला दोन निरनिराळे लोहमार्ग जातात. एकावर नाही, तर दुसऱ्यावर गाडी मिळण्याचा संभव अधिक. तेही न साधले तर नऊनंतर संप संपेपर्यंत वाट पाहावयाची किंवा भाड्याची मोटार करावयाची. तेवढे पैसे तिने बाजूला काढून ठेवले. दुसरी गोष्ट, माघार घेण्याची वेळ. सकाळी ठरलेली गाडी सुटली नाही, तर हट्ट न करता तो दिवस मिलान शहर पाहण्यात घालवावयाचा. शनिवारचे विमान चुकता कामा नये, ही गोष्ट तिने सर्वांच्या वर लिहिली.

स्वित्झर्लंड हे युरोपीय संघाचे सभासद राष्ट्र नाही. परंतु २००८ पासून ते शेंगेन करारात सहभागी असल्यामुळे त्यांच्या प्रवेशपत्रावर तेथेही जाता येत होते. तरीही वाटेत तपासणी होऊ शकते, म्हणून पारपत्रे बरोबर घेतली. तेथील चलन फ्रँक हे आहे, याचीही नोंद झाली. निजण्यापूर्वी आईने तक्ता पुन्हा एकदा पाहिला. बोलणी सफल होऊन संप ऐन वेळी मागे घेतला जातो, असेही पुष्कळदा घडते. या वेळी तसे काही घडले नव्हते.

शुक्रवारी पहाटे तिघे पोर्ता गारिबाल्दी स्थानकावर आली. फलकावर गाड्यांच्या नावांपुढे ‘कांचेल्लातो’, म्हणजे ‘रद्द’, हा शब्द जागोजागी उमटत होता. त्यांची गाडी मात्र तक्त्यात होती, तशी फलकावरही होती. डबे खच्चून भरले होते. तरी नऊ वाजण्याच्या बरेच आधी ती कियासोला पोहोचली. तेथे स्विस गाडी तयारच होती. सरोवरावर बांधलेल्या बांधावरून ती पलीकडे गेली आणि अर्ध्या तासाच्या आत लुगानो आले. तेथून बस करून तिघे मोंतान्योलाला गेली. हेसेच्या स्मरणार्थ १९९७ मध्ये उघडलेले संग्रहालय त्यांनी पाहिले. ज्या वाटांनी तो लेखक फिरावयास जाई, त्या वाटांवरून ती हिंडली. आजोबा एका ओट्यावर बसून कितीतरी वेळ खालच्या सरोवराकडे पाहत होते. नातीने घड्याळ दाखविले, तेव्हा ते उठले.

दिवस लहान वाटत होता, तरी पाच वाजता त्यांनी लुगानो सोडले. कियासोला पहिल्या दोन गाड्यांपुढे ‘कांचेल्लातो’ लिहिलेले होते. नातीचा चेहरा उतरला. पण अजून सहा वाजले नव्हते. तक्त्यातील गाडी वेळेवर फलाटाला लागली. तिकिटे तपासावयास आलेल्या महिला गार्डच्या कोटावर कामगार संघटनेचा बिल्ला होता. आजोबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, “आपण संपात नाही का?” ती हसून म्हणाली, “आहे ना. पण ही गाडी लोकांना घरी पोहोचविण्यासाठी आहे.” आजोबांनी आपण रेल्वेत चाळीस वर्षे काढल्याचे सांगितले, तेव्हा तिने त्यांच्याशी हस्तांदोलन केले. नात हे सारे पाहत होती. मग ती हळूच म्हणाली, “आजोबा, त्या म्हातारीच्या लेकीला अशी गाडी मिळायला हवी होती.” आजोबांनी नुसती मान हलविली.

या कुटुंबाचा दिवस साधला. सर्वांचाच साधेल असे नाही. अशा वेळी प्रवाशाचे काही हक्कही असतात, ते त्याला ठाऊक असले पाहिजेत. युरोपीय संघाचे रेल्वे प्रवाशांविषयीचे नवे नियम ७ जून २०२३ पासून लागू झाले आहेत. गाडी रद्द झाली किंवा इच्छित स्थळी पोहोचण्यास तासाभराहून अधिक उशीर होणार असे दिसले, तर प्रवाशाला तिकिटाचे पैसे परत मागता येतात किंवा दुसऱ्या गाडीने जाण्याची मागणी करता येते. एक ते दोन तास उशीर झाल्यास भाड्याच्या चौथ्या हिश्शाइतकी आणि दोन तास किंवा अधिक झाल्यास निम्म्या भाड्याइतकी भरपाई मिळू शकते. महापूर, वादळ अशा असाधारण संकटांत रेल्वेला भरपाईतून सूट मिळते. परंतु स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप हे अशा प्रकारचे संकट मानले जात नाही. यासाठी प्रवाशाने तिकीट फेकून न देता जपून ठेवावे.

प्रत्येक देशाची रीत निराळी असते, हेही ध्यानी घ्यावे. फ्रान्समध्ये २००७ साली झालेल्या कायद्यानुसार, रेल्वेच्या ज्या कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीने गाड्या अडतात, त्यांपैकी ज्याला संपात भाग घ्यावयाचा असेल, त्याला ४८ तास आधी तसे कळवावे लागते. किती माणसे कामावर येणार हे कळल्यावर रेल्वे त्या दिवसाचे वेळापत्रक नव्याने आखते आणि २४ तास आधी ते लोकांपुढे ठेवते. म्हणून तेथे आदल्या दिवशीचे वेळापत्रक पाहणे महत्त्वाचे ठरते. इटलीत ठरावीक तास पाहावे, फ्रान्समध्ये आदल्या दिवसाची घोषणा पाहावी. एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशात तसाच लागू पडेल, असे समजणारा प्रवासी फसतो.

संपाच्या दिवशी दोन माणसे समोरासमोर उभी असतात. एकाला आपल्या श्रमाचे मोल हवे असते, दुसऱ्याला आपल्या ठिकाणी पोहोचावयाचे असते. दोघांपैकी कुणीही खोटा नसतो. ज्या समाजात या दोघांचेही म्हणणे ऐकून घेऊन नियम केले जातात आणि ते पाळले जातात, तेथे संपाच्या दिवशीही काही गाड्या धावतात. आणि ज्या प्रवाशाने ते नियम वाचलेले असतात, पर्यायी वाट हाताशी ठेवलेली असते व वेळ येताच माघार घेण्याची तयारी असते, तो फलकावरील ‘रद्द’ हा शब्द पाहून गांगरून जात नाही.

अभ्यास

१. निसर्गाने आणलेली अडचण आणि संप यांत कोणता फरक आहे?
२. पावणेनऊची गाडी चालणार नाही, असे आजोबांनी का सांगितले?
३. भुसावळच्या म्हातारीचा प्रश्न ऐकून आजोबांना उत्तर का सुचले नाही? १९९० च्या इटालियन कायद्यात त्या प्रश्नाचे उत्तर कितपत सापडते?
४. गार्डच्या कोटावरील बिल्ला व तिचे बोलणे यांवरून तिच्याविषयी तुम्हांला काय वाटते?
५. तुमच्या गावी एक दिवस एसटी बंद राहणार आहे आणि तुम्हांला त्याच दिवशी परगावी जाऊन परतावयाचे आहे. निघण्यापूर्वी कोणत्या गोष्टींची चौकशी कराल, ते क्रमाने लिहा.